जामीनदाराची पत

व्हाइट प्लेन्स, न्यूयॉर्क

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमचा प्रश्न असा होता: २०१३ साली एमबीआयए या रोखेविमा कंपनीने बँक ऑफ अमेरिकेबरोबरचा दावा तडजोडीने मिटवला आणि त्याच महिन्यात तिच्या एका उपकंपनीचं रेटिंग, म्हणजे देणी फेडण्याच्या ताकदीला मिळालेली श्रेणी, ‘बीबी’वरून थेट ‘ए’वर गेलं. माणसं तीच, रोखे तेच. मग एका सहीने पत एवढी कशी वाढते?

आधी धंदा सांगते. इथली गावं, शाळा, पाणीपुरवठा मंडळं रोखे काढून कर्ज उभारतात. पुणे महापालिकेने २०१७ साली पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले होते, तसंच. फक्त इथे गाव लहान असलं, बाजारात त्याचं नाव कुणी ऐकलेलं नसलं, की ते रोख्यांचा विमा घेतं. १९७१ साली अलास्कातल्या जुनो इथल्या एका वैद्यकीय इमारतीच्या साडेसहा लाख डॉलरच्या रोख्यांपासून याची सुरुवात झाली. तो विमा देणारी कंपनी अँबॅक. एमबीआयए १९७३ची, २०१३ मध्ये तिचं मुख्य कार्यालय आमच्या जवळच, आर्मंक गावात होतं. गावाने हप्ता चुकवला तर कंपनी व्याज आणि मुद्दल भरते, पण मूळ ठरलेल्या तारखांनाच. सगळं कर्ज एकदम फेडायची सक्ती तिच्यावर नसते, हे लक्षात ठेवा. पतपेढीत कर्जाला जामीनदार लागतो ना, तसा हा धंदेवाईक जामीनदार. त्याचं ट्रिपल ए, म्हणजे सर्वात वरचं, रेटिंग रोख्यालाही मिळतं, गावाचं व्याज कमी होतं आणि त्या बचतीतला काही भाग विम्याच्या हप्त्यात जातो. रेटिंग हाच त्या कंपनीचा माल. तो गेला की विकायला काही उरत नाही.

आता तो गेला कसा? नगरपालिका क्वचितच बुडतात, त्यामुळे त्यांच्या विम्यात धोका कमी आणि कमाईही बेताची. जास्त कमाईसाठी या कंपन्यांनी घरकर्जांच्या गठ्ठ्यांवर काढलेल्या रोख्यांनाही हमी द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये इथल्या नव्या नगरपालिका रोख्यांपैकी जवळजवळ निम्म्यांवर अशा कंपन्यांचा विमा होता, आणि त्याच कंपन्यांच्या डोक्यावर या घरकर्जांच्या हमीचं ओझंही येऊन बसलं होतं. जानेवारी २००८ मध्ये फिच या रेटिंग देणाऱ्या कंपनीने अँबॅकचं ट्रिपल ए काढलं. जूनमध्ये मूडीज या दुसऱ्या रेटिंग कंपनीने एमबीआयएच्या विमा कंपनीला एका झटक्यात पाच पायऱ्या खाली आणलं. ज्या गावांनी एकही हप्ता चुकवला नव्हता, त्यांच्या रोख्यांची किंमतही त्याबरोबर घसरली. तुम्ही नगरपालिकेच्या लेखा विभागात हयात घालवलीत, तुम्हाला हे माझ्याइतकंच लागेल. गावाने विम्याचे पैसे सुरुवातीलाच एकरकमी भरलेले असतात. ते परत मिळत नाहीत.

फेब्रुवारी २००९ मध्ये एमबीआयएने न्यूयॉर्कच्या विमा खात्याच्या परवानगीने स्वतःचे दोन भाग केले. नगरपालिकांचे रोखे आणि सुमारे ५०० कोटी डॉलर ‘नॅशनल’ नावाच्या उपकंपनीत गेले, आणि घरकर्जांचा सगळा गाळ जुन्या कंपनीत राहिला. हे झाल्यावर बँका खवळल्या, कारण त्यांच्याकडचे विमे त्या गाळात होते. अठरा बँकांनी ही विभागणी रद्द करा म्हणून दावे लावले. दुसरीकडे एमबीआयएने सप्टेंबर २००८ मध्येच कंट्रीवाइड या घरकर्जं देणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला होता: कर्जं तपासून दिली असं सांगून तुम्ही आमच्याकडून हमी घेतलीत, प्रत्यक्षात कर्जदारांच्या उत्पन्नाची धड चौकशीही केली नव्हती. कंट्रीवाइड तोपर्यंत बँक ऑफ अमेरिकेने विकत घेतली होती. म्हणजे ज्या बँकेकडून पैसे येणं होतं, तीच एमबीआयएच्या विभागणीविरुद्धही लढत होती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, बाबा. एमबीआयएने आपल्या हिशेबात या दाव्यांतून मिळणारी अब्जावधी डॉलरची वसुली ‘येणे’ म्हणून दाखवली होती. पण रेटिंग देणारा माणूस कोर्टातल्या येण्याला रोख मानत नाही. निकाल कधी लागेल, अपील होईल का, तोवर कंपनी टिकेल का, हे त्याला सांगता येत नाही. घरकर्जांच्या रोख्यांवरचे दावे मात्र दर महिन्याला रोखीनेच भागवावे लागत होते. जुन्या कंपनीची रोकड आटत आली, तिने नॅशनलकडून मोठं कर्ज घेतलं, आणि त्यामुळे नॅशनलच्या गळ्यात दोन धोंडे पडले: हे कर्ज परत येईल का, आणि विभागणीच कोर्टात रद्द झाली तर काय? २०१३च्या सुरुवातीला एस अँड पी या रेटिंग कंपनीने जुन्या कंपनीला ‘सीसीसी’पर्यंत, म्हणजे बुडण्याच्या जवळ, उतरवलं.

जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश आयलीन ब्रान्स्टन यांनी महत्त्वाचा निर्णय दिला होता: खोट्या माहितीने आपली जोखीम वाढली एवढं विमा कंपनीने दाखवलं तरी पुरे, प्रत्येक कर्ज त्याच कारणाने बुडालं हे सिद्ध करायची गरज नाही. यामुळे बाजू एमबीआयएकडे झुकली. तरीही बँक थांबायला तयार होती, कारण तिच्याकडे वेळ होता आणि एमबीआयएकडे नव्हता. २०१२च्या शेवटी एमबीआयएने आपल्या कर्जरोख्यांची एक अट बदलायला घेतली, म्हणजे जुनी विमा कंपनी सरकारी ताब्यात गेली तरी तिची मालक असलेली मूळ कंपनी बुडीत धरली जाणार नाही. ते अडवायला, म्हणजे रोखेधारक म्हणून नकार देता यावा यासाठी, बँकेने तेच कर्जरोखे बाजारातून विकत घ्यायला काढले. हे मी वाचलं तेव्हा मनस्वी राग आला होता. ज्याने फसवल्याचा आरोप, तोच फसलेल्याची कोंडी करतो आणि कायदा त्याला ते करू देतो.

मे २०१३ मध्ये मिटलं. बँकेने सुमारे १६० कोटी डॉलर रोख दिले, विकत घेतलेले १३.६ कोटींचे कर्जरोखे परत केले, ५० कोटींपर्यंत कर्जाची सोय करून दिली. एमबीआयएने बँकेला सुमारे ९९ लाख शेअर घेण्याचा हक्क दिला. विभागणीविरुद्धचा बँकेचा दावा संपला, सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेनेही पैसे घेऊन तडजोड केली, आणि नॅशनलकडून घेतलेलं कर्ज फिटलं. दोन्ही धोंडे एकदम उतरले, म्हणून रेटिंग चढलं. मार्च २०१४ मध्ये ते आणखी वर, ‘एए उणे’ झालं.

लवकर मिटवणाऱ्यांचं भलं झालं. अश्युअर्ड गॅरंटी या दुसऱ्या रोखेविमा कंपनीने एप्रिल २०११ मध्येच त्याच बँकेकडून ११० कोटी डॉलर रोख आणि पुढच्या नुकसानीत वाटा घेतला, आणि ती आज या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी आहे. अँबॅकने नोव्हेंबर २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिला त्या बँकेचे १८४ कोटी मिळाले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. रक्कम मोठी, पण नवा विमा विकण्याचा तिचा मूळ धंदा केव्हाच संपला होता. नॅशनललाही ते पुन्हा चढलेलं रेटिंग फार दिवस टिकवता आलं नाही. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाच्या रोख्यांवरची तिची हमी अंगाशी आली, जून २०१७ मध्ये एस अँड पीने तिला पुन्हा खाली ‘ए’वर आणलं आणि तिने नवे विमे देणं थांबवलं. जुने दावे ती भरत राहिली. ती तारखांची अट मी लक्षात ठेवा म्हटलं होतं ती याचसाठी: रेटिंग गेलेली विमा कंपनी लगेच बुडत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू देणी फेडत राहते.

माझ्या टेबलावर आत्ता पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळा-जिल्ह्याच्या रोख्यांचं माहितीपत्रक आहे. पहिल्या पानावर वरच्या बाजूला दोन रेटिंगं छापली आहेत: एक विम्यासह, एक शाळेचं स्वतःचं. २००८च्या आधी दुसऱ्या ओळीकडे फारसं कुणी बघत नसे. मी आता तीच आधी वाचते, मग शाळेच्या करवसुलीचा तक्ता, आणि सगळ्यात शेवटी विमा कंपनीचं नाव.

आई म्हणाली की धाकटे काका भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कुठल्याशा हमीच्या रोख्यांत घालणार आहेत. त्यांना म्हणावं, कागदावर रेटिंगच्या पुढे कंसात ‘सीई’ आहे का बघा. असलं तर ती पत दुसऱ्याच्या हमीवर उभी आहे. रेटिंग कंपनीच्या टिपणात हमीशिवायचं रेटिंगही दिलेलं असतं, ते मागून घ्या. हमी कुणाची आहे आणि त्याने आणखी कुणाकुणाला दिली आहे, हेही विचारा. कागदांचे फोटो मला पाठवले तर मी शनिवारी बसून वाचते आणि त्यांना स्वतः फोन करते. तोवर सही करू नका म्हणावं.

आईला नमस्कार.

तुमची,
मुक्ता