रात्री दहानंतरचा गोंगाट
महोदय,
इंदूरच्या रामबाग परिसरातील आमच्या जुन्या चाळीत दोन बिऱ्हाडांमध्ये जेमतेम एका विटेची भिंत असल्यामुळे, शेजारच्या खोलीत मध्यरात्रीनंतरही चालणाऱ्या दारूच्या बैठका, शिवीगाळ आणि ध्वनिवर्धकाचा दणदणाट यांनी आमच्या मांडणीवरची भांडी थरथरतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तक्रार केल्यावर पोलीस येतात, आवाज उतरतो आणि त्यांची पाठ फिरताच पुन्हा चढतो. सणासुदीचा गलबला आम्ही आनंदाने सोसतो. पण आजारी वृद्धांनी आणि परीक्षार्थी मुलांनी रोज हे का सोसावे? केवळ तोंडी समज न देता लेखी तक्रार नोंदवून ध्वनिवर्धक जप्त करावा, ही कळकळीची विनंती.

– एक रहिवासी, इंदूर