इंग्लंडमधल्या गावाला नकाराधिकार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला इंग्लंडमधील खेड्यांवरचा लेख वाचला. दगडी घरे, हिरवळ, चर्चचा मनोरा, सगळे जिथल्या तिथे, आणि हे टिकले कारण ‘तिथे गाव म्हणेल तेच होते’, असा त्याचा सूर आहे. वर्णन ठीक, कारण चुकीचे. गाव म्हणेल तेच होत असते, तर गावोगावच्या वेशीवर नव्या वसाहती उभ्या राहिल्याच नसत्या.

लेखात पॅरिश कौन्सिलला ‘तिथली ग्रामपंचायत’ म्हटले आहे. १८९४ च्या कायद्याने गावचा कारभार चर्चच्या हातून निघून निवडून आलेल्या लोकांकडे आला, इथपर्यंत साम्य आहे. पण आपल्या ग्रामपंचायतीला गावठाणातल्या बांधकाम परवानगीत कायद्याने काही स्थान तरी आहे. पॅरिश कौन्सिलला तेवढेही नाही. परवानगी देते किंवा नाकारते ती वरची डिस्ट्रिक्ट कौन्सिल, काही भागांत युनिटरी कौन्सिल (स्थानिक कारभाराची सगळी कामे एकटीच पाहणारी). पॅरिश कौन्सिल फक्त मत कळवते, तेही साधारण २१ दिवसांत. सभा बहुधा महिन्यातून एकदा होते. अर्ज सभेच्या दुसऱ्या दिवशी येऊन पडला, तर पुढची सभा भरेपर्यंत मुदत गेलेली असते. जागरूक क्लार्क, म्हणजे कौन्सिलचा बहुतेक वेळा एकमेव आणि अर्धवेळ पगारी माणूस, लगेच मुदतवाढ मागतो किंवा खास सभा बोलावतो. त्या सभेची सूचनाही पूर्ण तीन दिवस आधी लावावी लागते.

गावकऱ्यांच्या हरकतींचेही तसेच. ‘आमचा देखावा जाईल’, ‘घरांच्या किमती पडतील’, ‘बांधकामाचा त्रास होईल’ ही कारणे प्लॅनिंगच्या कायद्यात विचारातच घेतली जात नाहीत. शेजाऱ्याच्या खोलीतला उजेड अडणे, खासगीपणावर गदा येणे, वळणावर समोरची गाडी न दिसणे, पुराचे पाणी, सांडपाण्याच्या नळांची क्षमता, शेजारच्या ऐतिहासिक वास्तूच्या परिसराला बाधा, ही कारणे धरली जातात. एकाच मजकुराची दोनशे पत्रे धाडली तरी मुद्दा एकच मोजला जातो. रस्त्याच्या वळणाचे माप, वेगमर्यादा आणि फाटकातून किती मीटर दिसते हे लिहिलेले एक पत्र त्याहून जड पडते. शिवाय बहुतेक अर्ज कौन्सिलरांच्या समितीपुढे येतच नाहीत, अधिकारीच निकाली काढतात. प्रकरण समितीपुढे जावे असे वाटत असेल, तर त्या भागाच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलरला मुदतीत तशी लेखी मागणी करायला लावावी लागते. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट : परवानगी नाकारली तर अर्जदाराला अपील आहे, परवानगी दिली तर गावाला नाही. उरते ते कोर्ट, तेही सहा आठवड्यांच्या आत आणि फक्त कायद्याच्या मुद्द्यावर.

मग गावाच्या हातात काय आहे? अर्ज येण्याच्या आधी केलेले काम. २०११ च्या लोकलिझम ॲक्टने गावांना स्वतःचा नेबरहूड प्लॅन, म्हणजे गावात कुठे काय बांधावे याचा आराखडा, करण्याची सोय दिली. आधी हद्द ठरवून घ्यायची, मग घरोघरी पाहणी, मसुदा, त्यावर सहा आठवडे हरकती, डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे सादर केल्यावर पुन्हा सहा आठवडे, मग स्वतंत्र परीक्षक आणि शेवटी सार्वमत. मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी होकार दिला की तो प्लॅन कायदेशीर विकास आराखड्याचा भाग होतो. यात वर्षे जातात. मेहनत बहुतांशी बिनपगारी असते, आणि गावांना मिळणारी सरकारी मदतही २०२५ पासून आटली आहे.

इथेच पुष्कळ गावे फसतात. ‘आमच्याकडे काहीही नको’ असा प्लॅन परीक्षकापुढे टिकत नाही, कारण डिस्ट्रिक्टच्या मुख्य धोरणांशी तो जुळावाच लागतो. डिस्ट्रिक्टकडे पाच वर्षांच्या घरबांधणीला पुरेल एवढी मंजूर जमीन नसेल, तर पारडे बिल्डरच्या बाजूला झुकते. अशा वेळी गावाचा प्लॅन ढाल ठरू शकतो, पण दोन अटींवर : तो पाच वर्षांपेक्षा जुना नको, आणि आपल्या वाट्याची घरे नेमकी कुठे होतील त्या जागा त्यात दाखवलेल्या हव्यात. ‘चर्चमागच्या शेतात नको, पण जुन्या गोठ्याच्या जागेवर बारा घरे चालतील’ असे लिहून देणारे गाव सुरक्षित राहते. नुसता नकार लिहिणाऱ्या गावाला बिल्डर निवडेल ती जागा सोसावी लागते.

सार्वमतात मंजूर झालेला पहिला प्लॅन कम्ब्रियातल्या अप्पर ईडनचा. मार्च २०१३ मध्ये १७ पॅरिशांनी मिळून केलेल्या या प्लॅनला सुमारे ९० टक्के होकार मिळाला. त्याचा भर घरे अडवण्यावर नव्हता. स्थानिकांना परवडणारी घरे आणि शेतावर पुढच्या पिढीसाठी घर बांधण्याची मुभा हे त्याचे विषय होते. तरुण कुटुंबे गेली की शाळा बंद पडते, हे त्या डोंगराळ भागाला कुणी शिकवायला नको होते. पैशाचाही मुद्दा आहे. जिथे डिस्ट्रिक्ट कौन्सिल नव्या बांधकामावर इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही (सार्वजनिक सोयींसाठीचा आकार) घेते, तिथे पॅरिशला त्यातले १५ टक्के मिळतात आणि त्याला कमाल मर्यादा असते. नेबरहूड प्लॅन असेल तर २५ टक्के, विनामर्यादा.

प्लॅन म्हणजे जादूची कांडी नव्हे. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्‌जने (गाव नव्हे, छोटे शहर) २०१६ मध्ये नवी घरे सुट्टीतले दुसरे घर म्हणून विकायला बंदी घातली, ८३ टक्के मतांनी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांना पुढे असे आढळले, की नवी बांधकामे रोडावली आणि दुसऱ्या घराची मागणी जुन्या घरांकडे वळली. जुनी घरे त्या बंदीत नव्हतीच.

लेखातल्या चौकटीत ‘गावाला पब विकत घेण्याचा पहिला हक्क असतो’ असे छापले आहे, त्याची दुरुस्ती व्हावी. २०११ च्या कायद्याने असा हक्क दिला नाही. तो देऊ पाहणारे विधेयक २०२५ मध्ये संसदेत आले. जुन्या कायद्याने मिळतो तो वेळ. पॅरिश कौन्सिल किंवा किमान २१ स्थानिक मतदारांचा गट पबचे नाव ‘कम्युनिटी व्हॅल्यू’च्या, म्हणजे गावाच्या उपयोगाच्या वास्तूंच्या, यादीसाठी सुचवतो. डिस्ट्रिक्ट कौन्सिलने आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा, नोंद पाच वर्षे टिकते. मालकाने विक्रीचा इरादा कळवला की सहा आठवडे विक्री थांबते. त्या सहा आठवड्यांत गावातल्या एखाद्या गटाने ‘आम्हाला बोली लावायची आहे’ असे लेखी कळवले, तर मालकाने इरादा कळवल्याच्या तारखेपासून एकूण सहा महिने. पुढे मालक कुणालाही, कितीलाही विकू शकतो. चालू धंदा म्हणून पबवाल्याने पबवाल्याला विकला तर हे सहा महिनेही लागू होत नाहीत. म्हणून यादीत नाव घालून निर्धास्त बसणे हा शुद्ध भाबडेपणा. शेअर विकून पैसे उभे करणारी सोसायटी, वास्तूचे मूल्यांकन आणि पुढच्या तीन वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज आधी तयार हवा. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी २००३ मध्येच, म्हणजे या कायद्याच्या आधी, ‘ओल्ड क्राउन’ हा पब सहकारी तत्त्वावर घेतला होता.

उशिराचे उदाहरण हवे असेल तर स्टॅफर्डशरमधल्या हिम्ली गावचा ‘क्रुकेड हाउस’ पाहावा. कलंडलेल्या भिंतींसाठी ओळखला जाणारा हा पब लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत, नव्हता. ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री त्याला आग लागली आणि दोन दिवसांत उरलासुरला सांगाडाही पाडून टाकला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कौन्सिलने तो पुन्हा बांधण्याची नोटीस काढली खरी, पण त्या यादीत जी नोंद आधी व्हायला हवी होती तिची जागा नोटीस घेऊ शकत नाही.

इंग्लंडमध्ये जुने घर घ्यायला निघालेल्या मराठी मंडळींसाठी एवढेच. कॉन्झर्व्हेशन एरिया (संरक्षित परिसर) आणि लिस्टेड बिल्डिंग (संरक्षित वास्तू) यांत गल्लत करू नये. नुसत्या कॉन्झर्व्हेशन एरियातल्या स्वतंत्र घराच्या लाकडी खिडक्या प्लास्टिकच्या करायला बहुधा परवानगी लागत नाही, कौन्सिलने ही सूट काढून घेणारा ‘आर्टिकल ४’चा आदेश काढला असेल तरच लागते. झाडाचे मात्र तसे नाही : जमिनीपासून दीड मीटरवर खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर कुऱ्हाड लावण्याच्या सहा आठवडे आधी कौन्सिलला कळवावे लागते. लिस्टेड घरात संरक्षण आतल्या जिन्याला, चुलाण्याला, अंगणातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या शेडलाही असते, ग्रेड (वास्तूच्या महत्त्वाची श्रेणी) कोणतीही असो. विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने तसे काही केले असेल, तर ते पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकाच्या नावावर येते आणि त्याला कालमर्यादा नाही.

आपला,
एक वाचक, ग्लॉस्टरशर, इंग्लंड