चौथ्या टीमच्या कोचकडून

प्रिय कोच,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. लेकीने कबूल केलंय की ती तुमच्यासमोर बसून एकेक ओळ इंग्रजीत सांगेल. इंग्रजीत लिहायला मी दोनदा बसले होते. दोन्ही वेळा 'थँक यू फॉर एव्हरीथिंग'च्या पुढे गाडी सरकली नाही, आणि त्या 'एव्हरीथिंग'मध्ये काय काय येतं तेच तर मला सांगायचं होतं. शिवाय इथे न्यू जर्सीत माझ्यासारख्या पुष्कळ मराठी आया आहेत. दर हिवाळ्यात त्यांना टाऊनच्या मुलींच्या सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच, पण हात खालून फिरवून चेंडू टाकायचा खेळ) लीगची 'कोच हवे आहेत' अशी मेल येते आणि त्या ती न उघडताच डिलीट करतात. त्यांनीही हे वाचावं म्हणून मराठीत लिहिते आहे.

पाच वर्षांपूर्वी मीसुद्धा ती मेल डिलीट करणार होते. लेक नऊ वर्षांची होती. आदल्या वर्षीच्या टीममध्ये तिला सबंध सीझन राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, उभं केलं होतं. एकदा घरी येताना गाडीत ती अगदी शांतपणे म्हणाली, "आई, तिकडे बॉल येत नाही, म्हणून मला तिकडे ठेवतात." त्या वर्षी मुली चार टीमपुरत्या होत्या आणि कोच तिघेच. चौथं कुणी मिळालं नाही तर काही मुलींना नाही म्हणावं लागेल, असं मेलमध्ये लिहिलं होतं. मी नाव दिलं. सांगलीच्या शाळेत मी खो-खो खेळले होते, क्रिकेट आयुष्यभर पाहिलं होतं, पण सॉफ्टबॉलचा एक आख्खा सामना कधी पाहिला नव्हता. पोलिसांकडची तपासणी झाली, ऑनलाइन प्रशिक्षण झालं, टीमची पिशवी घरी आली. नऊ वर्षांच्या मुलीला चेंडू फेकायला शिकवायचं कसं, हे मात्र त्यातल्या कशातच नव्हतं.

मग हायस्कूलच्या टीमच्या कोच म्हणून तुमची चार ओळींची मेल आली. जानेवारी ते मार्च, दर रविवारी सकाळी आठ वाजता, हायस्कूलच्या जिममध्ये. टाऊनमधली कोणतीही मुलगी आणि कोणताही कोच. फी नाही.

इथे शिबिराला क्लिनिक म्हणतात. पहिल्या रविवारी मी लेकीला आत सोडून बाकावर जाऊन बसले, हातात चहाचा थर्मास. तुम्ही जिमच्या मधोमध चेंडूंच्या बादलीवर बसून एका मुलीचे चेंडू झेलत होतात. तुमच्या हायस्कूलच्या मुली शाळेची जॅकेटं घालून आल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला चार-चार चिमुरड्या होत्या. तुम्ही बाकांकडे पाहून मोठ्याने म्हणालात, "ज्यांच्या हातात टीम आहे, त्यांनी खाली यायचं. ग्लव्ह घालायचा." माझ्याकडे ग्लव्ह नव्हता. तुम्ही तुमचा काढून दिलात. आतून तो गरम होता, अजून आठवतं.

त्या दिवसापासून तुम्ही आम्हा आई-बापांना मुलींच्या रांगेतच उभं केलंत. फेक शिकवताना तुम्ही शेवटापासून सुरू करता. आधी एक गुडघा जमिनीला टेकून फक्त मनगटाचा झटका. तो जमला की कोपर, मग खांदा, आणि अगदी शेवटी पाय. सरपटत येणाऱ्या चेंडूसाठी मगरीचा जबडा: ग्लव्हचा हात खाली जमिनीला, मोकळा हात वरून झाकणासारखा. मी वहीत चित्रं काढून घेत होते. आमच्या टीमच्या पहिल्या सरावाला ती वही माझ्या बगलेत होती आणि पहिला अर्धा तास मी तुमचंच बोलणं तुमच्याच शब्दांत म्हणून दाखवलं.

बॅटची गोष्ट तर सांगायलाच हवी. लेकीला तिच्या बाबाने गॅरेजसमोर क्रिकेट शिकवलं होतं, त्यामुळे चेंडू टोलवला की ती बॅट घेऊनच पळत सुटायची. सॉफ्टबॉलमध्ये बॅट टाकून पळतात. क्लिनिकमध्ये एक मुलगी त्यावर हसली आणि माझी लेक जागच्या जागी थिजली. तुम्ही शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलंत. "तिच्या खेळात बॅट घेऊनच पळतात, कारण बॅट रेषेपलीकडे टेकली की माणूस पोहोचला," असं सांगून तुम्ही तिला ते करून दाखवायला लावलंत. मग प्रत्येक मुलीला एकदा बॅट घेऊन आणि एकदा बॅट टाकून पळायला लावलंत. हातात बॅट असली की हात नीट हलत नाहीत, वेग कमी होतो, हे प्रत्येकीला स्वतःच्या अंगावर कळलं. पहिल्या बेसवर, म्हणजे पळत गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, थांबायचं नसतं, बेस तीन पावलं पुढे आहे असं समजून पळत सुटायचं, हेही त्याच वेळी शिकवून झालं. लेक त्यानंतर बॅट घेऊन कधी पळाली नाही आणि त्या हसण्याची आठवणही तिने कधी काढली नाही. क्रिकेटचे नियम तुम्ही आदल्या रात्री वाचून आला होतात, हे मला फार उशिरा समजलं.

त्याच महिन्यात कधीतरी मी मुलींच्या बुटांच्या नाड्या बांधत होते, एकीच्या झाल्या की दुसरीच्या. तुम्ही जवळ येऊन विचारलंत, "इतका वेळ अशा कशा बसू शकता?" मी उकिडवी बसले होते. त्यात विचारण्यासारखं काही आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मी तुम्हाला खो-खो सांगितला: आठजणी एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसलेल्या, पाठीवर थाप आणि 'खो' कानावर पडताच उठून धावायचं, मागे वळायचं नाही. तुम्ही म्हणालात, "दाखवा." बास्केटबॉलच्या दोन जाळ्यांच्या मधल्या जागेत चिकटपट्टीने चौकोन आखून मी तीस मुलींना खो-खो शिकवला. तुमच्या हायस्कूलच्या टीमच्या सरावाची सुरुवात आजही त्याने होते. न्यू जर्सीतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली 'खो' म्हणून ओरडतात, तेव्हा मला काय होतं ते इंग्रजीत सांगणं लेकीलाही जमणार नाही.

आणि लेक कॅचर झाली, म्हणजे बॅट करणारीच्या मागे बसून चेंडू झेलणारी. उकिडवं बसणं तिच्या घरातच होतं. राइट फील्डच्या कडेला उभी राहणारी मुलगी अशा जागी आली, जिथून सगळं मैदान समोर दिसतं आणि बाकीच्या आठही जणी तिच्याकडे तोंड करून उभ्या असतात.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक उत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती. एका शनिवारी लागोपाठ दोन सामने होते आणि दोन्ही सामने मी तिलाच टाकायला ठेवलं, कारण आम्ही जिंकत होतो. तुम्ही कुंपणापाशी उभ्या होतात. तुम्ही कुणासमोर काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. बेसबॉल खेळणाऱ्या मुलग्यांसाठी लिटल लीगने (लहान मुलांच्या बेसबॉलची संस्था) २००७पासून चेंडू मोजायची पद्धत आणली आहे, दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्याला ८५, आणि त्यानंतर सक्तीची विश्रांती, हे तुम्ही मला समजावलंत. मुलींच्या खेळात तशी मोजायची सवय नाही, कारण हात खालून फिरवला की त्रास होत नाही असं लोक धरून चालतात. तो समज खरा नाही. पवनचक्कीसारखा हात फिरतो तेव्हा खांद्याच्या पुढच्या बाजूवर आणि दंडाच्या स्नायूवर मोठा ताण येतो. मग तुम्ही म्हणालात, "चौदाव्या वर्षी मला तिचा खांदा हवा आहे म्हणून मी हे सांगत नाहीये. चाळिसाव्या वर्षी तिला तो हवा असणार आहे."

मी त्या मुलीच्या आईची माफी मागितली. पुढच्या सामन्यापासून वहीत चेंडूंच्या रेघा मारू लागले आणि आणखी दोघींना पिचिंग शिकवायला घेतलं. त्या सीझनला आम्ही बरेच सामने हरलो. तुम्ही तरीही कुंपणापाशी येत राहिलात.

एका रविवारी एवढा बर्फ पडला की निम्म्याही मुली आल्या नाहीत. तुम्ही सराव थांबवून सगळ्यांना गोल बसवलंत आणि मारिया पेपेची गोष्ट सांगितलीत. आपल्याच राज्यातलं होबोकन, १९७२ साल. लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळायला मुलींना मनाई. मारिया मुलांच्या टीममधून तीन सामने खेळली आणि तिला थांबवावं लागलं, नाहीतर सगळ्या गावाच्या लीगचीच मान्यता जाणार होती. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे गेलं, १९७३मध्ये मुलींच्या बाजूने निकाल लागला, १९७४मध्ये लिटल लीगने मुलींना दार उघडलं आणि त्याच वर्षी मुलींसाठी सॉफ्टबॉलही सुरू केला. एका मुलीने विचारलं, "मग ती परत खेळली?" तुम्ही म्हणालात, "नाही. तोवर तिचं वय उलटून गेलं होतं." त्यावर साखर पेरायला तुम्ही काहीच जोडलं नाहीत, मुली तशाच बसून राहिल्या.

घरी जाताना लेकीने मला विचारलं, "तुला कुणी थांबवलं होतं का?" दहावीनंतर मला थांबवलं होतं. संध्याकाळी सरावावरून परतायला उशीर होतो म्हणून. मी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. खरं तर स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सिग्नलला उभं असताना सांगितलं.

तुम्ही सोमवार ते शुक्रवार वर्गात शिकवता. वसंतातल्या सीझनसाठी शाळा तुम्हाला कोच म्हणून थोडं मानधन देते, पण हिवाळ्यातले हे रविवार त्यात धरलेले नाहीत. बाकांवर मी एक बोलणं ऐकलं होतं, की तुम्ही येता ते पाच वर्षांनंतरच्या टीमसाठी मुली हेरायला. पहिलं वर्षभर मलाही ते खरं वाटलं होतं. त्याबद्दल आज तुमची माफी मागते.

कारण यंदा लेक नववीत गेली आणि तिने ठरवलं की तुमच्या हायस्कूलच्या टीमच्या निवडीला उभं राहायचं नाही. शाळेचं नाटक त्याच महिन्यांत असतं आणि तिला पडद्यामागे प्रकाशयोजना करायची आहे. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीची मी, तिला नाटक करू नको म्हणणार तरी कशी? पण तुम्हाला सांगायची तिला इतकी भीती वाटत होती की मेल लिहून दोन दिवस तशीच ठेवली. 'इतकी वर्षं तुम्ही शिकवलंत आणि मी खेळत नाहीये, सॉरी,' असं तिने लिहिलं होतं. तुमचं उत्तर दहा मिनिटांत आलं. नाटकाची तारीख विचारली होती. आणि खाली एक ओळ: 'रविवारी लहान मुलींना कॅचिंग शिकवायला माझ्याकडे कुणी नाही. येशील?'

ती येते आहे. आठला पोहोचायचं म्हणून रविवारी गजर लावून स्वतः उठते. मागच्या रविवारी मी पाहिलं, एका मुलीचा कॅचरचा मुखवटा सारखा डोळ्यांवर घसरत होता. लेक तिच्यासमोर उकिडवी बसून पट्टे आवळत होती आणि मराठी-इंग्रजी मिसळून तिच्याशी काहीतरी बोलत होती. तुम्ही बादलीवरून ते पाहत होतात. आपली नजरानजर झाली आणि तुम्ही पुन्हा पिचरकडे वळलात.

तुमच्या त्या बादलीच्या झाकणाची गादी फाटली आहे, टेपखालून स्पंज बाहेर येतोय. मी नवीन शिवली आहे. वर जुन्या जीन्सचं जाड कापड आणि आत माझ्या आईच्या गोधडीचा एक तुकडा, चार पदरी घडी करून. झाकणावर बेतून पाहायची आहे, म्हणून रविवारी जरा लवकर येते. मागच्या दाराने, ज्याला तुम्ही वीट लावून ठेवता.

तुमची,
चौथ्या टीमची कोच