फोनवरच्या ट्रॅकिंग स्क्रीनबद्दल तक्रार : शेवटच्या अपडेटची वेळ परत द्या

प्रति,
सपोर्ट आणि डिझाइन टीम

नमस्कार,

तुमचं शिपमेंट ट्रॅकिंग टूल आम्ही तीन वर्षं वापरतोय, आजवर कधी तक्रार केली नाही, पण मागच्या महिन्यात नवीन रिस्पॉन्सिव्ह (स्क्रीनच्या मापाप्रमाणे मांडणी बदलणारं) व्हर्जन आलं तेव्हापासून फोनवर बघून काही ठरवायचीच भीती वाटायला लागलीय. चॅटवर दोनदा सांगून झालं, एकदा उत्तर आलं कॅश क्लिअर करा, दुसऱ्यांदा फोन आडवा धरून बघा. म्हणून आता सविस्तर लिहितेय.

झालं असं, मंगळवारी सकाळी मी डॉकवरून (माल चढवतो-उतरवतो तिथून) फोनवर बघितलं तर एका कंटेनरपुढे हिरव्या रंगात 'गेट आउट'. म्हणजे टर्मिनलमधून निघालाय, दोनेक तासांत पोचेल असं धरून मी फोर्कलिफ्ट आणि पाच माणसं तिकडे लावली, दुसरी भरलेली गाडी मागे थांबवली आणि कस्टमरलाही कळवून टाकलं की माल आज मिळतोय. दुपार झाली तरी पत्ता नाही. शेवटी ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवर उघडलं तर ते स्टेटस आदल्या दिवशी संध्याकाळचं होतं आणि शेजारच्याच रिमार्कमध्ये लिहिलेलं, गाडी वाटेत बंद पडलीय! फोनवर हे दोन्ही कॉलम नाहीतच. थांबवलेल्या गाडीचं डिटेन्शन, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे, आम्ही भरलं ते वेगळंच, पण कस्टमरपुढे मी खोटी ठरले त्याचं काय?

मोठ्या स्क्रीनवर १४ कॉलम आहेत, फोनवर उरतात ४, आणि ते डावीकडचे पहिले चार आहेत. त्यात बुकिंग ब्रँच आहे, जी आमच्याकडे सगळ्या ओळींत एकच असते, पण शेवटच्या अपडेटची वेळ नाही, रिमार्क नाही, होल्ड लागलाय का, म्हणजे माल अडवून ठेवलाय का, ते नाही. फोनवर जागा कमी असते हे मला कळतं हो, सगळं दाखवा असं मी म्हणतच नाहीये. पण काय ठेवायचं ते डॉकवर उभ्या माणसाला विचारून ठरवायला हवं होतं. स्टेटसच्या खालीच बारीक अक्षरात '४० मिनिटांपूर्वी' एवढं लिहिलं तरी आमचं काम होतं, आणि गाडीचं जीपीएस किंवा स्कॅन बराच वेळ आलं नसेल तर तो हिरवा रंग काढून तिथे 'अपडेट नाही' असं शब्दात लिहा. शब्दात मुद्दाम म्हणतेय, कारण आमच्या एका सहकाऱ्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही आणि भर उन्हात तर तो मलाही दिसत नाही.

दुसरं, कंटेनर नंबर. तो ११ जागांचा असतो, चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चेक डिजिट, म्हणजे नंबर बरोबर आहे का ते तपासायचा आकडा. तुम्ही आठ जागांनंतर कापून पुढे तीन टिंबं टाकता. आता एकाच मालकाच्या कंटेनरची पहिली चार अक्षरं बहुतेक सारखीच असतात आणि एका लॉटमध्ये आले तर पुढचे आकडेही जवळजवळ सारखे, म्हणजे ओळखायला लागतात नेमके ते शेवटचे तीन आकडे आणि तेच तुम्ही लपवलेत. कापायचंच असेल तर मधून कापा, शेवट ठेवा. सर्चमध्येही तेच, एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर २० सेकंद गोल फिरतं आणि मग 'रेकॉर्ड नाही' येतं, आम्हाला वाटतं माल सिस्टिमलाच चढलेला नाही आणि फोनाफोनी सुरू होते. अहो, चेक डिजिट त्यासाठीच तर असतो! अक्षरांना ठरलेले आकडे देऊन गुणाकार करायचा, बेरजेला ११ ने भागायचं, बाकी जुळली नाही तर नंबर चुकलाय. हे नेटवर्क नसताना फोनमध्येच तपासता येतं, टाइप करतानाच सांगा ना.

आणि 'ड्रायव्हरला कॉल' नि 'डिलिव्हर्ड' ही बटणं इतकी चिकटून का? वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जी नियमावली आहे, त्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये दाबायच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल आहे, तेही हातमोजे घातलेल्या माणसाला कमीच पडतं. गेल्या आठवड्यात एकाकडून चुकून 'डिलिव्हर्ड' दाबलं गेलं, मेसेज थेट कस्टमरला गेला, परत फिरवायची सोयच नाही.

शेडमध्ये नेटवर्क जातं तेव्हा पीओडीचा (माल मिळाल्याच्या सहीच्या कागदाचा) फोटो आणि भरलेला फॉर्म पण उडतो. ते फोनमध्येच सेव्ह होऊन नेटवर्क आल्यावर आपोआप जायला हवं, आत्ता माणसाला फॉर्म परत भरावा लागतो आणि ड्रायव्हर तोवर सहीचा कागद घेऊन निघून गेलेला असतो.

बाकीचं सावकाश करा, पण शेवटच्या अपडेटची वेळ आणि रिमार्क या आठवड्यात फोनवर परत आणा. तोपर्यंत जुन्या स्क्रीनची लिंक चालू करून द्या, बोटांनी झूम करून का होईना पण त्यात सगळं दिसायचं. मंगळवारचे फोनवरचे आणि कॉम्प्युटरवरचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत, दोन्ही एकाच कंटेनरचे आहेत, शेजारी ठेवून बघा. बोलायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर फोन करा, त्याआधी मी डॉकवर असते आणि तिथे आवाजात काही ऐकू येत नाही.

आपली,
डिस्पॅच विभागातली रोजची वापरकर्ती