लिथोट्रिप्सीचा विमा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा कंपनी, मुंबई विभागीय कार्यालय.

विषय : मुतखड्यावरील शॉक वेव्ह लिथोट्रिप्सीचा दावा नाकारल्याबाबत फेरविचाराची मागणी.

महोदय,

माझे पती मुंबईत टॅक्सी चालवतात. आम्हा दोघांची आरोग्य विमा पॉलिसी माझ्या नावाने आपल्या कंपनीकडे आहे. त्यांच्या डाव्या मूत्रपिंडातील ११ मिलिमीटरचा खडा शॉक वेव्हच्या यंत्राने फोडण्यात आला आणि त्याचा दावा आपण एका पानाच्या पत्राने फेटाळला. रुग्ण २४ तास दाखल नव्हता, आणि शरीरावर चीर दिलेली नसल्यामुळे ही शस्त्रक्रिया नसून बाह्यरुग्ण विभागातील उपचार आहे, अशी दोन कारणे आपण दिली आहेत. ही दोन्ही कारणे मला मान्य नाहीत.

२४ तासांच्या अटीबाबत फार लिहिण्याची गरज नाही. ही अट ज्या उपचारांना लागू होत नाही त्यांची यादी आपल्याच पॉलिसीच्या जोडपत्रात आहे आणि तिच्यात डायलिसिस, केमोथेरपी यांच्याबरोबर लिथोट्रिप्सी हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. मुतखड्यासाठी असलेला दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधीही आम्ही पूर्ण केला आहे, आणि त्याबद्दल आपल्या पत्रात काही आक्षेप नाही.

दुसरे कारण मात्र मला जास्त गंभीर वाटते, कारण ते लिहिणाऱ्याला हा उपचार काय आहे हे ठाऊक नसावे असे दिसते. या उपचारात रुग्णाला यंत्राच्या टेबलावर झोपवून क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने खड्याची नेमकी जागा धरली जाते आणि शरीराबाहेर निर्माण केलेल्या दाबलहरी त्या एका बिंदूवर एकवटल्या जातात. शरीरातील मऊ भागाची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने लहरी त्यातून फारशी इजा न करता पुढे जातात, पण कठीण खड्यापाशी पोहोचताच त्यांचा जोर त्याच्यावर पडतो आणि दोन-तीन हजार आघातांत त्याचे बारीक तुकडे होतात. पुढचे काही दिवस किंवा आठवडे ते लघवीवाटे पडत राहतात. लघवीतून रक्त जाणे, ताप येणे, तुकडे मूत्रवाहिनीत एकामागोमाग अडकून बसणे हे धोके यात असतात, म्हणून रक्त गोठण्याची तपासणी आणि लघवीत जंतुसंसर्ग नसल्याची खात्री आधी करावी लागते. माझ्या पतींना भूलतज्ज्ञांनी शिरेतून भूल दिली होती, त्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर आहे. दवाखान्यात जाऊन औषधाची चिठ्ठी घेऊन येण्याच्या पंक्तीत हे कसे बसते, ते कृपया लेखी कळवावे.

विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाण व्याख्येनुसार, तंत्रज्ञानातील प्रगतीमुळे २४ तासांच्या आत होणारा, पण एरवी त्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागले असते असा, भूल देऊन केलेला उपचार म्हणजे डे-केअर उपचार. लिथोट्रिप्सीला ही व्याख्या शब्दशः लागू पडते. ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीत म्युनिक येथे पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला, त्यापूर्वी मूत्रपिंडातला असा खडा काढायचा तर बहुधा कुशीत मोठी चीर देऊन शस्त्रक्रिया करावी लागे आणि रुग्ण कित्येक दिवस खाटेवर असे. त्या शस्त्रक्रियेचे पैसे आपण दिले असते, आणि तिची गरज संपवणाऱ्या उपचाराचे मात्र नाकारता, हे कोणत्या न्यायाने?

आपल्या वतीने दाव्यांची छाननी करणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या (टीपीए) कार्यालयात चौकशीला गेले असता तिथल्या अधिकाऱ्यांनी मला तोंडी सांगितले की, ‘एक रात्र ॲडमिट राहिला असतात तर क्लेम पास झाला असता.’ हे वाक्य मी मुद्दाम नोंदवते आहे. डॉक्टरांच्या मते ज्याची गरज नव्हती अशी रात्र केवळ विम्यासाठी रुग्णालयात काढावी, खोलीभाड्याचा भार विमा कंपनीवरच टाकावा, त्या खाटेची खरोखर गरज असलेल्या माणसाला ताटकळत ठेवावे आणि रोजच्या धंद्यावर पोट असलेल्या माणसाने आणखी एक दिवस गाडी उभी ठेवावी, असा सल्ला कंपनीच्या वतीने दिला जात असेल, तर तो प्रामाणिक ग्राहकाला खोटे वागायला शिकवणारा आहे. आम्ही तसे केले नाही, आणि त्याचीच शिक्षा आम्हाला मिळते आहे असे मला वाटते.

मूळ दावा नाकारल्यामुळे उपचाराआधीचा सीटी स्कॅन आणि नंतर तुकडे पडले की नाहीत हे पाहण्यासाठी केलेला एक्स-रे यांची बिलेही आपण परत पाठवली आहेत. पॉलिसीप्रमाणे दाखल होण्यापूर्वीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस यांचा खर्च देय असल्याने तीही मंजूर व्हावीत.

तरी दाव्याचा फेरविचार करून संपूर्ण रक्कम विलंबाच्या नियमानुसार देय व्याजासह द्यावी. नकारावर आपण ठाम असाल तर पॉलिसीतील कोणत्या कलमाच्या आधारे, हे त्या कलमाच्या क्रमांकासह कळवावे. मोघम उत्तर मी स्वीकारणार नाही. डिस्चार्ज कार्ड, भूलतज्ज्ञांची नोंद, मूळ बिले, आपले नकारपत्र आणि जोडपत्रातील संबंधित पानाची प्रत सोबत जोडली आहे. एक महिन्यात समाधानकारक उत्तर न आल्यास मी सांताक्रूझ येथील विमा लोकपाल कार्यालयात दाद मागेन.

आपली विश्वासू,
पॉलिसीधारक
लालबाग, मुंबई