सोलापुरातल्या मधल्या मारुती भागातल्या शेंगदाणावाल्या शेठजींना

आदरणीय शेठजी,
सा. न. वि. वि.

मोबाइलवर तुम्ही भाव आणि पावसापलीकडे काही वाचत नाही, हे ठाऊक आहे. तरी हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण दुकानात आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणता, हमालाला हाक मारता आणि विषय तिथंच संपतो. तुमचा मुलगा वाचून दाखवेल.

आमचं काम तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी सांगते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी. मी आणि शेजारच्या दोघी. त्या दोघींचं निम्मं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. हजार विड्यांमागं मजुरी, पान खराब निघालं तरी तोटा त्यांच्याच माथी. "सोलापुरात चटणी कोण विकत घेणार, घरोघरी तर करतात," हे आम्हाला पहिल्यांदा घरातच ऐकवलं गेलं. अहो, पण गावाला आलेला पाहुणा चादर आणि चटणी घेतल्याशिवाय परत जातो का?

बाहेर निघालो तर कौतुकाला तोटा नव्हता. एका ८ मार्चला सभागृहात बोलावून गुलाबाचं फूल दिलं. १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड कसा सुरू केला, ते रंगवून सांगितलं. मी उठून विचारलं, आज ते उसने पैसे कुठं मिळतील? प्रश्नोत्तरं जेवणानंतर आहेत, म्हणाले. जेवणानंतर फोटो झाले.

बँकेत साहेबांच्या मागं मुद्रा कर्जाचं पोस्टर. योजना २०१५ पासूनची, ५० हजारांपर्यंत तारण लागत नाही, हे त्या पोस्टरवरच छापलेलं. त्याच पोस्टरखाली बसून साहेब म्हणाले, "घराचा उतारा आणा. आणि मिस्टरांना घेऊन या." खाद्यपदार्थांची साधी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. आमच्या गल्लीतल्या एजंटानं त्याच कामाचा जो आकडा सांगितला, तो इथं लिहायची मलाच लाज वाटते. दुकानदारांचं एकच पालुपद: "ठेवून जा, खपली तर बघू." खपली की नाही हे आम्ही विचारायचं, आणि त्यांनी गल्ल्यात बघत बसायचं.

हे सगळं सोसलं. पण दाण्याचं काय करणार? दाण्यात जवळपास निम्मं तेल. उखळात कुटताना तेच सुटतं आणि चटणीला धरून ठेवतं. दाणा चांगला तर चटणी महिनाभर टिकते. आपल्या गावचा मे महिना, वर पत्र्याचं गोदाम, की तेच तेल खवट होतं. भाजताना कळत नाही, लसूण-तिखटाखाली पहिले दोन दिवस झाकलं जातं, आणि चौथ्या दिवशी गिऱ्हाईक पाकीट परत आणून देतं. नाव आमचं जातं. आधीच्या एका व्यापाऱ्याकडं तक्रार नेली तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, घेता दहा किलो आणि तक्रार ट्रकभर. दाणा कसा असतो ते आम्हाला शिकवू नका." पोरंसोरं हसली.

म्हणून तुमच्याकडं आले तेव्हा मी भांडायच्या तयारीनंच आले होते. दोन दाणे चावून म्हटलं, हा माल खवट आहे. तुमचे दिवाणजी लगेच म्हणाले, "कालच आलाय, ताई." तुम्ही काहीच बोलला नाही. चष्मा वर सरकवला, पोत्याच्या तळातून मूठ काढली, चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. मग बाहेर जाऊन थुंकून आलात आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणालात, "ताई बरोबर बोलतात. पोतं बांधा, विकू नका."

शेठजी, तुम्ही नंतर उधारी दिलीत, भाव वाजवी लावलात, दुसऱ्या दुकानदाराला आमचं पाकीट दाखवलंत. त्या सगळ्याचे आभार आहेतच. पण माझं मन अडकलंय ते त्या चार दाण्यांत. माझ्या जिभेवर कुणी विश्वास ठेवला, तोही तपासून. नुसतं "हो हो, ताई म्हणतात तर असेल" असं म्हणाला असता तर मी दाणे घेऊन गेले असते आणि विसरलेही असते. तुम्ही माझं म्हणणं व्यापाऱ्याच्या म्हणण्यासारखं पारखलंत.

चांगलं वागायला पैसे लागत नाहीत, असं लोक सहज म्हणतात. मला ते पटत नाही. तुमचं अख्खं पोतं गेलं, वर गिऱ्हाइकांसमोर माल खराब निघाल्याचं कबूल करावं लागलं, ते वेगळं. पदरमोड करून कुणी चांगलं वागलं की ओळखू येतं. बाकीचं चांगलं वागणं हार-तुऱ्यात जातं. आपल्या बाजारात अशी माणसं अजून आहेत. पिठाच्या गिरणीवाले काका आमची ज्वारी दळायच्या आधी जातं झाडून घेतात, आधीच्या गव्हाचं पीठ भाकरीत यायला नको म्हणून. त्यांच्यावर कुणी भाषण करत नाही. मीही आज करणार नव्हते, पण ओघात आलं.

आता कामाचं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही टेबल लावतोय, त्यामुळं संक्रांतीच्या आठवडाभर आधी नेहमीपेक्षा दुप्पट दाणा लागेल. पैसे निम्मे रोख, निम्मे यात्रा उठल्यावर. काकूंसाठी कमी तिखटाचं पाकीट वेगळं बांधलंय, त्याचे पैसे मुलाच्या हातून पाठवू नका, परत येतील. आणि दिवाणजींना सांगून ठेवा, पोतं मी तळापासून बघणार आहे.

आपली,
शेंगाचटणीवाली ताई