इंजिन बंद केल्याबद्दल, तांडेलकाका

तांडेलकाका,

सप्रेम नमस्कार.

मालवणजवळच्या देवबागहून घरी येऊन 12 दिवस झाले. तुमच्या बोटीतल्या त्या दिवसाबद्दल कुणाला सांगायला बसले की सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी येऊन अजून माझा घसा दाटतो आणि पुढचं राहून जातं. म्हणून आज लिहूनच काढते. तुमचं नाव लिहीत नाही, बोट चालवणारे म्हणून तांडेलकाकाच म्हणते. फोटोसाठी हाक मारली तेव्हा "आमचो कसलो फोटो" म्हणत तुम्ही सुकाणूमागे सरकलात, तसं नावही तुम्हाला नको असणार. तुमच्या मुलीच्या फोनवर हे पाठवीन. ती वाचून दाखवेल.

आधी आईबद्दल थोडं सांगते, कारण त्या दिवशी सगळं सांगायला सवड कुठे होती.

आईने पुसद तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. बहुतेक वर्षं चौथीचा वर्ग. चौथीला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, हे तुम्हीही शिकला असाल. सिंधुदुर्गाचा विषय निघाला की आई फळ्यावर किल्ला काढायची. आधी बेट, मग नागमोडी तट, मग चहूबाजूंनी निळ्या खडूने पाणी. वर्गात निळा खडू एकच असायचा आणि तो समुद्रातच संपायचा. पोरं विचारायची, "बाई, समुद्र केवढा असतो?" आई म्हणायची, "इसापूरचं धरण पाहिलंय ना? त्याचा पलीकडचा काठ पुसून टाका. तेवढा."

तिने स्वतः समुद्र पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर जाऊ, असं ठरलं होतं. मग बाबांचं आजारपण आलं, ते गेले आणि 6 वर्षांपूर्वी तिलाच पार्किन्सन्स निघाला. हात थरथरतात, चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, हे लोकांना दिसतं. आवाजाचं कुणाच्या लक्षात येत नाही. या आजारात आवाज खाली खाली जातो, आणि गंमत नव्हे, दुःख असं की ज्याचा आवाज गेला त्याला वाटत असतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. जिच्या एका "ए!" वर मागच्या बाकावरची मुलं ताठ बसायची, तिला आज भाजीवाला "काय? काय म्हणता?" करतो. घरी आम्हीही तेच करतो. "आई, मोठ्याने बोल." नाहीतर तिचं वाक्य आम्हीच पुरं करून टाकतो. हळूहळू तिने बोलणंच कमी केलं.

तर अशा आईला घेऊन आम्ही आलो होतो. सगळ्यांबरोबरच्या बोटीत तिची घाई होईल म्हणून अख्खी बोट दिवसभरासाठी ठरवली होती. तुमची नव्हे, दुसऱ्याच एका बोटवाल्याची. त्याला महिनाभर आधी फोनवर सगळं सांगितलं होतं: वय 71, आजार हा, चढायला-उतरायला वेळ लागेल. "काही टेन्शन नाही ताई, बिनधास्त या," असं उत्तर मिळालं. अर्धे पैसे आगाऊ भरले. आणि त्या सकाळी किनाऱ्यावर आईचा हात हलताना पाहून तो माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजींना हॉटेलवर बसवा ना. तुम्ही मस्त फिरून या. उगाच काही झालं तर आमच्या अंगाशी यायचं." आई चार हातांवर उभी होती. तिच्या कानांना काहीही झालेलं नाही.

पाण्याची भीती मला कळते. जबाबदारी असते, हेही कळतं. फोनवर नाही म्हटला असता तर मी त्याचे आभार मानले असते. पण हो म्हणून बोलवायचं, पैसे ठेवून घ्यायचे, आणि माणसाच्या देखत माणसाला सामानासारखं बाजूला ठेवायला सांगायचं, याला धंदा म्हणत नाहीत. पैसे परत मागितले तर "सीझन आहे ताई". असो. त्या पैशांवर पाणी सोडलं. ते शब्द मात्र सोडता येत नाहीत.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीण वहिनींनी तुम्हाला फोन केला आणि अर्ध्या तासात तुम्ही आलात. तुम्ही माझ्याशी बोलायलाच लागला नाहीत, हे मी तेव्हाच पाहिलं. आईच्या खुर्चीसमोर वाळूत उकिडवे बसलात आणि तिला विचारलंत, "बाई, कुठे कुठे जायचं मनात आहे?" ती शिक्षिका होती हे वहिनींनी सांगितलं असेल. पण "आजी" म्हणायचं सोडून तुम्ही "बाई" म्हणालात, आणि आई खुर्चीत सरळ झाली.

"किल्ला," ती म्हणाली. तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही कान पुढे केलात.

मग तुम्ही गोळ्यांची वेळ विचारलीत. मला नवल वाटलं. भरती-ओहोटी बघून तर प्रत्येक होडीवाला निघतो, गोळी बघून निघणारा मी पहिला पाहिला. साडेसातची गोळी लागू झाली की तिचे दोन-अडीच तास चांगले जातात, हे सांगितल्यावर तुम्ही मनात काहीतरी जुळवलंत. म्हणालात, सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, आहे तोवर दर्या गप्प असतो, अकरानंतर वारा फिरला की पाणी उडायला लागेल. म्हणून आधी बाहेरचं, किल्ल्याचं करू, आणि दुपारी ओहोटीला आत, खाडीतल्या बेटावर. दिवसाची घडी एवढ्या दोन वाक्यांत बसली.

खुर्चीसकट तिला उचलून गुडघाभर पाण्यातून बोटीत ठेवणं, पुढे जास्त हादरे बसतात म्हणून मधोमध बसवणं, जॅकेटचे पट्टे आवळताना तिलाच विचारणं, हे सगळं तुम्ही आणि तुमच्या त्या खलाशी पोराने बिनबोभाट केलं. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे लाटा फुटत होत्या. तुम्ही थांबून त्यांचा अंदाज घेतलात आणि मगच बोट घातलीत. तरी एक शिंतोडा आलाच. आईचा पदर भिजला. तिने ओठांवरचं पाणी जिभेने चाखलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. खारट. 31 वर्षं मुलांना सांगितलेली गोष्ट तिने त्या क्षणी तपासून घेतली.

मग तारकर्लीची वाळू उजव्या हाताला सरकत राहिली आणि पुढे तट दिसायला लागला.

काका, आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते लिहिते. तुम्हाला बहुधा आठवणारही नाही.

किल्ला जवळ आला तसं आईचे ओठ हलायला लागले. मी शेजारीच होते, पण इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर कळत नव्हतं. मी सवयीने म्हटलं, "आई, मोठ्याने बोल ना." ती गप्प झाली. तुम्ही मागून हे पाहिलं असणार. तुम्ही बोट तटाच्या किनाऱ्याकडच्या बाजूला, जरा निवाऱ्यात घेतलीत, पोराला नांगर टाकायला लावलात, आणि इंजिन बंद केलंत.

कुणी सांगितलं नव्हतं. दोर काठावरून घसरत गेला, नांगर बसला, बोट एकदा हळूच वळून स्थिर झाली. मग नुसतं पाणी उरलं, बोटीच्या अंगावर चापट्या मारणारं. पोराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, "गप रव. बाई शिकवतत."

आणि आईने शिकवलं.

त्याच आवाजात, जो घरी आम्हाला ऐकू येत नाही. 25 नोव्हेंबर 1664, ती म्हणाली, पायाभरणीचा दिवस. समोर मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, तिथे आधी पूजा झाली. हे बेट कुरटे. बांधकाम हिरोजी इंदुलकरांकडे होतं. 1667 मध्ये काम पुरं झालं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, कारण लाटा रोज येणार, चुना एकटा किती धरणार? आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. सभोवती सगळं खारं आणि मध्ये गोडं. इथे ती थांबली. वर्गात ती इथे नेहमी थांबायची, मला आठवतं. मुलांना नवल वाटायला वेळ द्यायची.

मग तिने खलाशी पोराकडे पाहून विचारलं, "दरवाजा दिसतो का रे तुला इथून?"

जन्मल्यापासून ज्याने तो दरवाजा पाहिलाय त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने हात वर केला. खरंच वर केला! म्हणाला, "नाही बाई. जवळ गेल्याबिगर नाय दिसत." आई म्हणाली, "का?" तो म्हणाला, "बुरजांच्या आड हा." आई म्हणाली, "शाब्बास. शत्रूलाही दिसायचा नाही."

किती वेळ गेला? वीस मिनिटं असतील. जेटीकडून फेऱ्या मारणाऱ्या बोटी बाजूने जात होत्या. एकाने ओरडून विचारलं, डिझेल संपलं का? तुम्ही नुसता हात हलवलात. माझा चौदा वर्षांचा मुलगा, ज्याला आजी म्हणजे औषधाची पेटी एवढंच माहीत होतं, तो तिच्या पायाशी येऊन बसला होता. त्याने आपल्या आजीला कधी शिकवताना पाहिलं नव्हतं.

नंतर तुम्ही तिला दरवाजापर्यंत नेलंत. पायऱ्या चढून वर महाराजांच्या हातापायाचे ठसे पाहायला ती स्वतःच नको म्हणाली. दगडावर तळहात टेकवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाली, "चला." तटाला बाहेरून फेरी मारताना पश्चिमेकडे लाटा आपटत होत्या, पाण्याखालचे खडक टाळत तुम्ही बोट लांबून काढलीत. डॉल्फिन दिसले नाहीत. निवतीपर्यंत जायचं राहिलं. मुलाने थोडी कुरकुर केली, मला काहीच वाटलं नाही.

दुपारी खाडीतल्या बेटावर गेलो. 2004 च्या त्सुनामीनंतर ही वाळू वर आली म्हणून त्सुनामी बेट, असं तुम्ही सांगितलंत. पाणी उतरलं होतं, ओली वाळू टणक होती. पण दोन पावलांनंतर आईचे पाय थिजले. घरी अशा वेळी फरशीवर चिकटवलेल्या पट्ट्यांवरून पाऊल टाकायला फिजिओथेरपिस्टने शिकवलंय; समोर आडवी रेघ दिसली की पाय सुटतो. मी वाकून बोटाने रेघ ओढायला लागले. पोराने विचारलं काय करता, आणि कळल्यावर वल्हं घेऊन सरळ पाण्यापर्यंत रेघा ओढत गेला. आई एकेक रेघ ओलांडत गेली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली, माझा हात न धरता.

हे सगळं मोलाचं आहे. तरी झोपताना मला ऐकू येते ती इंजिन बंद झाल्यानंतरची शांतता.

आईच्या आजारात आम्हाला मदत खूप मिळाली, नाही म्हणणार नाही. पण ती बहुतेक उचलण्याची मदत. हात धरा, पिशवी द्या, खुर्ची द्या. तेही कोण करतो आजकाल, जो करेल त्याचं भलं होवो. पण तिच्यापर्यंत पोचायला आपला गोंगाट कमी करावा, हे 6 वर्षांत कुणाला सुचलं नाही. डॉक्टरांना नाही, नातेवाइकांना नाही, मला पोटच्या मुलीला नाही. आम्ही सगळे तिला आवाज वाढव म्हणत राहिलो. तुमचा वेळ म्हणजे तुमचं पोट, सीझनमध्ये तर जास्तच, आणि तुम्ही तो नांगर टाकून खुशाल थांबवलात. माणुसकी हा शब्द सत्काराच्या भाषणांत वापरून वापरून झिजलाय, पण ती कशी दिसते हे मी त्या दिवशी जवळून पाहिलं. ती वाट बघते. ती समोरच्याला पुरं बोलू देते. आणि ज्यांच्याकडे ती असते त्यांना आपण काही केलं असं वाटतही नाही. संध्याकाळी मी जास्तीचे पैसे पुढे केले तर तुम्ही ठरलेले मोजून घेतलेत आणि उरलेले आईच्या हातात ठेवलेत. "बाईंची फी," म्हणालात.

ते पाचशे रुपये आईने खर्च केलेले नाहीत. देवापाशी ठेवलेत.

घरी आता जेवताना टीव्ही बंद असतो. पंखाही खडखडतो म्हणून बदलला. परवा तिने माझ्या मुलाला सिंधुदुर्गाशेजारचा छोटा पद्मगड कुठे ते कागदावर काढून दाखवलं. रेघ थरथरली, पण बेट बेटासारखं दिसत होतं.

मे महिन्यात बोटी बंद व्हायच्या आधी आम्ही पुन्हा येतोय. सकाळचीच वेळ ठेवा, गोळी साडेसातची आहे. आणि आईने निरोप दिलाय तुमच्या त्या पोरासाठी: किल्ला कुणी बांधला ते नाव त्याने उतरताना मला चुकीचं सांगितलं, पाठ करून ठेव म्हणावं. आल्यावर विचारणार आहे.

तुमची,
बाईंची मुलगी